दातातील खुंटी आणि तिची पकड

(वेळापूर येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेने मला येथे बोलावले, हा माझा बहुमान आहे. मी वक्ता नव्हे. माझे सारे आयुष्य लोकांना तोंड उघडायला सांगण्यात गेले. स्वतःचे तोंड उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. निमंत्रण आले तेव्हा मी मुख्याध्यापकांना विचारले, "दात कसे घासावेत यावर बोलू का?" ते हसून म्हणाले, "ते दरवर्षी कोणीतरी सांगतेच. तुम्ही तुमच्या कामातले आतले काही सांगा. मुलांना विज्ञान कळावे आणि पालकांना आपण पैसे कशाचे देतो ते कळावे." त्यांचा हा आदेश मी शिरोधार्य मानला आणि विषय निवडला तो अगदी लहान. इतका लहान, की तो काडीपेटीतील काडीपेक्षाही बारीक आहे. दाताच्या मुळात बसवायची खुंटी आणि ती सिमेंटला घट्ट धरून राहावी म्हणून तिच्या पृष्ठभागावर करावे लागणारे संस्कार, एवढाच आजचा विषय.

प्रथम ही खुंटी म्हणजे काय ते पाहू. दात किडला, कीड नसेपर्यंत गेली, की आपण रूट कॅनाल करतो. मुळातील रोगट नस काढून ती नळी स्वच्छ करतो आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून टाकतो. मूळ वाचते, परंतु पुष्कळदा वरचा दात जवळजवळ उरलेलाच नसतो. टोपी, म्हणजे कॅप, बसवायची तर ती कशावर? अशा वेळी मुळातील नळीचा वरचा भाग मोकळा करून, टोकाशी चार-पाच मिलिमीटर गटापर्चा राखून, आत एक बारीक खुंटी सिमेंटने बसवतात. तिचे वरचे टोक बाहेर ठेवून त्याभोवती दाताचा गाभा बांधतात आणि त्यावर टोपी चढवतात. या खुंटीस दंतवैद्य 'पोस्ट' म्हणतात. तंबूचा खांब जमिनीत रोवावा तसा हा प्रकार आहे.

एक गैरसमज आताच दूर करतो. खुंटीने मूळ बळकट होते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. खुंटी मुळाला बळ देत नाही. ती फक्त वरच्या गाभ्याला धरून ठेवते. म्हणून ज्या दाताच्या भिंती पुरेशा शाबूत आहेत, त्याला खुंटीची गरजच नसते. आणि खुंटीचे कामच मुळी धरून ठेवण्याचे असल्याने तिची पकड सुटली की सारे संपले.

पकड कशी सुटते, हे मी पुस्तकातून शिकलो होतो. परंतु खरे शिकलो ते एका रुमालाच्या गाठीतून. ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली. वडील भाड्याचा टेम्पो चालवीत. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. तिला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. लहानपणी सायकलवरून पडून वरचा पुढचा दात मोडलेला. बोलताना ओढणी तोंडासमोर धरण्याची तिला सवय लागली होती. मास्तरीण व्हायचे आणि ओढणीआडून शिकवायचे, हे कसे जमणार? वडिलांनी टप्प्याटप्प्याने पैसे जमवले. मी रूट कॅनाल केले, काचतंतूंची खुंटी बसवली, टोपी चढवली. मुलगी आरशात पाहून हसली आणि वडिलांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

आठ महिन्यांनी ती परत आली. तिने टेबलावर रुमाल ठेवला आणि गाठ सोडली. आत टोपी होती आणि टोपीच्या पोटातून बाहेर आलेली खुंटी होती. शाळेत सरावाचा पाठ चालू असताना, चाळीस मुलांसमोर, निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असताना दात निखळला होता. तिने फळ्याकडे तोंड केले, दात रुमालात घेतला, ओढणी तोंडाशी धरली आणि पाठ पूर्ण केला. एवढे सांगून ती म्हणाली, "डॉक्टर, मुलांना कळलं नाही." तिचे वडील दारातच उभे होते. त्यांनी एकच विचारले, "डॉक्टरसाहेब, पुन्हा पैसे लागतील का?"

मित्रहो, त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मी ती खुंटी भिंगाखाली धरली. ती लख्ख होती. तिच्यावर सिमेंटचा कण नव्हता. मग मुलीच्या दातात पाहिले. सिमेंट सगळे आत, मुळाच्या भिंतीला चिकटून राहिलेले. याचा अर्थ काय होतो ते विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. सिमेंटला दोन बाजू असतात. एका बाजूस दात, दुसऱ्या बाजूस खुंटी. खुंटी सिमेंटसकट बाहेर आली असती तर दाताकडची बाजू सुटली असे म्हणता आले असते, आणि सहसा तीच सुटते, कारण नळीच्या खोल अंधारात काम करणे अवघड असते. येथे उलट झाले होते. दाताने सिमेंट धरले, सिमेंटने खुंटी धरली नाही. खुंटी चांगल्या प्रतीची होती आणि सिमेंटही चांगले होते. दोष माझ्या बोटांचा होता. त्या दिवशी बाहेर रोगी ताटकळत होते. खुंटी नळीत घालून मापाला बसते की नाही ते पाहिले, बाहेर काढली, कापसाने पुसली आणि तशीच सिमेंट लावून बसवली. तिला लाळ लागली होती, माझ्या हातमोज्यांचा स्पर्श झाला होता. मी तिला पुसले. पण तिच्यावर जे संस्कार करायला हवे होते ते केले नाहीत.

आता हे संस्कार म्हणजे काय? आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ते नवे नाहीत. माझ्या लहानपणी आषाढीच्या आधी, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरच्या मुक्कामाला येण्याच्या दिवसांत, कल्हईवाल्या चाचांकडे भांड्यांचा ढीग पडे. भातुकलीएवढ्या वाटीपासून पंक्तीच्या तपेल्यापर्यंत. आम्ही पोरे भात्याशी झोंबायला टपलेलो असू. चाचा आधी भांडे वाळूने घासघासून उजळत. मग भट्टीवर तापवत. मग चिमूटभर नवसागर टाकत, पांढरा धूर भसकन उठे आणि त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवत. भांडे चांदीसारखे होई. एकदा मी विचारले, "चाचा, नवसागर कशाला? कथील नुसतं लावलं तर?" ते म्हणाले, "बेटा, मैल पर कल्हई नहीं बैठती." पुढे रसायनशास्त्र शिकलो तेव्हा कळले, की तापलेल्या तांब्यावर हवेतील प्राणवायूमुळे चढणारा गंजाचा पापुद्रा नवसागर काढून टाकतो आणि उघड्या धातूला कथील भिडते. चाचांनी पुस्तक उघडले नव्हते; पण पृष्ठभागशास्त्राचा पहिला धडा मला त्यांनीच दिला.

दुसरा धडा पंक्चरच्या दुकानात मिळतो. ट्यूबला ठिगळ लावणारा पोरगा आधी कानशीने रबर खरवडतो, पुसतो, सोल्युशन लावतो आणि ते सुकेपर्यंत थांबतो. घाईचे गिऱ्हाईक म्हणते, "अरे, लाव लवकर." पण सोल्युशन सुकण्याआधी ठिगळ लावले तर वेशीबाहेर जाण्याआधीच हवा निघते. तिसरा धडा गवंड्याचा. काँक्रीटच्या गुळगुळीत खांबावर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी त्याला टाचे मारतो, पाणी मारतो, मग गिलावा करतो.

या तिन्हींत तीन तत्त्वे आहेत: मळ काढणे, पृष्ठभाग खडबडीत करणे आणि दोन परक्या वस्तूंमध्ये ओळख करून देणारा मध्यस्थ लावणे. दातातील खुंटीवर जगभरातील प्रयोगशाळांत जे जे उपाय शोधले गेले, ते सारे या तीन तत्त्वांतच बसतात.

थोडा इतिहास पाहू. दाताच्या मुळात खुंटी बसवण्याची कल्पना जुनी आहे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सोन्या-चांदीच्या खुंट्यांचे वर्णन आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिंक फॉस्फेटचे सिमेंट आले आणि ते सुमारे शंभर वर्षे चालले. हे सिमेंट खरोखर चिकटत नाही. ते खाचाखोचांत शिरून घट्ट होते आणि अडून बसते. आपल्या गावचे अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधणीत चुना न वापरता दगडात दगड अडकवतात. जुन्या धातूच्या खुंट्या अशाच अडून राहत. त्यासाठी त्या लांब, मापात ओतलेल्या आणि नळीत घट्ट बसणाऱ्या असाव्या लागत.

खरी क्रांती झाली १९५५ साली. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर यांनी पाहिले, की कारखान्यात पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्ल लावतात. मग दातालाच ते का लावू नये? त्यांनी दाताच्या वरच्या कठीण आवरणावर, म्हणजे इनॅमलवर, ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल अर्धा मिनिट लावले, धुतले आणि त्यावर प्लॅस्टिकचे भरण बसवले. ते पूर्वीपेक्षा कितीतरी काळ टिकले. आम्लाने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि पातळ राळ त्यांत मुरून घट्ट होते. रंगाऱ्याची युक्ती दंतवैद्याने उचलली! पुढे रेझिनची, म्हणजे कृत्रिम राळेची, सिमेंटे आली. इनॅमलखालच्या मऊसर डेंटिनलाही राळ कशी पकडते ते जपानमधील नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवले. त्यानंतर खुंटी नुसती अडवायची नाही तर चिकटवायची, असा विचार रुजला.

खुंट्याही बदलल्या. पोलाद कठीण, त्याचा ताठपणा डेंटिनच्या सुमारे दहापट. चावताना दात किंचित वाकतो, पोलाद वाकत नाही. मग सारा ताण मुळावर येतो आणि मूळ उभे चिरते. चिरलेले मूळ बहुधा काढावेच लागते. म्हणून १९९०च्या सुमारास कार्बनतंतूंच्या आणि त्यामागोमाग काचतंतूंच्या खुंट्या आल्या. राळेत हजारो बारीक तंतू एकाच दिशेने ताणून ही खुंटी करतात. तिचा ताठपणा दाताच्या बराच जवळ असतो. ती दाताबरोबर वाकते. काही वेळा निखळते, पण मूळ सहसा फोडत नाही. निखळलेली पुन्हा बसवता येते. फुटलेले मूळ पुन्हा जोडता येत नाही. त्या मुलीचे नशीब एवढे चांगले, की मी निदान खुंटी योग्य निवडली होती.

परंतु काचतंतूंच्या खुंटीची एक अडचण आहे. तंतूंना बांधून ठेवणारी राळ बहुधा इपॉक्सी जातीची असते. कारखान्यात ती पूर्ण पक्की झालेली असते. तिच्या रेणूंचे सारे हात एकमेकांत गुंतलेले असतात. सिमेंटची राळ वेगळ्या जातीची. ती हात पुढे करते, पण समोर धरायला मोकळा हात नसतो. शिवाय पृष्ठभाग गुळगुळीत. म्हणजे काँक्रीटच्या खांबावर टाचे न मारता गिलावा करण्यासारखेच हे झाले.

यावर उपाय कोणते? पहिला, वाळूच्या फवाऱ्याचा. सुमारे ५० मायक्रॉन आकाराचे, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे, ॲल्युमिनाचे कण हवेच्या दाबाने खुंटीवर मारतात. धातूच्या खुंट्यांसाठी, टायटॅनियमसाठी हा उपाय चांगला आहे. काचतंतूंच्या खुंटीवर मात्र हात जपावा लागतो. दाब किंवा वेळ जास्त झाला तर टाचे मारता मारता खांबच पोखरला जातो, तंतू तुटतात.

दुसरा उपाय रासायनिक. हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्या परिचयाचे आहे. जखम धुताना फेसाळते तेच, फक्त येथे अधिक तीव्र. २४ टक्के पेरॉक्साइडमध्ये दहा मिनिटे किंवा १० टक्क्यांमध्ये वीस मिनिटे खुंटी ठेवली, तर वरवरची इपॉक्सी राळ विरघळते आणि काचेचे तंतू न दुखावता उघडे पडतात, असे प्रयोगांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले आहे. आता सिमेंटला शिरायला जागाही मिळाली आणि खरी काचही समोर आली. याउलट हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते चिनी मातीच्या टोप्यांसाठी वापरतात, म्हणून ते खुंटीलाही लावावे असा मोह होतो. परंतु ते काचच खाते. तंतू कुरतडले जातात आणि खुंटी कमजोर होते. ते अत्यंत घातकही आहे. सर्वांत जालीम औषध तेच सर्वांत गुणकारी, ही समजूत येथे खोटी ठरते. फॉस्फरिक आम्लाने खुंटीचा मळ तेवढा निघतो, त्याहून फारसे काही होत नाही.

तिसरा उपाय म्हणजे मध्यस्थ, म्हणजेच सायलेन. हा रेणू दुभाष्यासारखा आहे. त्याच्या एका टोकाला काचेची भाषा येते, दुसऱ्या टोकाला राळेची. एका हाताने तो काचेला धरतो, दुसऱ्या हाताने सिमेंटला. पण दुभाष्याला दोन्ही पक्ष समोर हवेत. काच इपॉक्सीच्या पडद्याआड असेल तर सायलेन बिचारा कोणाशी बोलणार? म्हणूनच नुसते सायलेन लावून फायदा झाला असे काही प्रयोगांत दिसते, तर काहींत दिसत नाही. आधी पडदा दूर करून मग सायलेन लावले तर मात्र पकड वाढते, याकडे पुष्कळ प्रयोगांचा कल आहे. नवसागर आधी, कथील नंतर. चाचांचा क्रम येथेही सुटत नाही.

झिर्कोनियाच्या पांढऱ्या खुंट्यांची गोष्ट आणखी वेगळी. झिर्कोनियात काचच नाही, त्यामुळे तेथे नुसते सायलेन निरुपयोगी. त्यावर दोन मार्ग निघाले. एक, सिलिकाचे लेप असलेले कण मारून पृष्ठभागावर सिलिकाचा थर ठोकून बसवायचा आणि मग सायलेन लावायचे. दुसरा, जपानी रसायनतज्ज्ञांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी पुढे आणलेला फॉस्फेट गटाचा रेणू. तो धातूंच्या ऑक्साइडशी थेट सोयरीक जमवतो. तात्पर्य, ज्याची जशी जात तसा त्याचा दुभाषी. एकच कुलूपकिल्ली सर्वांना चालत नाही.

हे सर्व तपासतात कसे, असे विद्यार्थी विचारतील. उपचारासाठी काढलेल्या दातांत खुंट्या बसवतात, मुळाच्या सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापतात आणि यंत्राने मधल्या खुंटीला ढकलून ती किती जोराला सुटते ते मोजतात. काही वेळा चकत्यांना आधी ५ अंश आणि ५५ अंश तापमानाच्या पाण्यात हजारो वेळा आळीपाळीने बुडवतात. आपण गरम चहानंतर थंडगार उसाचा रस पितो तेव्हा दातावर काय ओढवते, त्याची ही नक्कल. आपल्या महाराष्ट्रातील दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी असे प्रयोग करीत असतात. सोलापूरजवळ केगाव येथेही दंत महाविद्यालय आहे. येथे बसलेल्यांपैकी कोणी उद्या अशा यंत्रासमोर उभे राहू शकेल. मात्र प्रयोगशाळेतील आकडा म्हणजे तोंडातील आयुष्य नव्हे, याचे भान ठेवावे. तोंडात लाळ आहे, जंतू आहेत आणि आपल्या माळशिरस तालुक्यात ऊसही आहे.

खुंटीच्या दुसऱ्या बाजूचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दाताची नळी धुण्यासाठी आम्ही सोडियम हायपोक्लोराइट वापरतो; त्याचा अंश मागे राहिला तर राळ नीट पक्की होत नाही. पेरॉक्साइडचेही तसेच, म्हणून खुंटी भरपूर धुवावी लागते. आणि लवंग! दात दुखला की अम्मी लवंग धरायला सांगे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल दुखण्यावर उत्तम. पण काही रूट कॅनाल भरणांत तेच असते आणि त्याचा लेप नळीच्या भिंतीवर राहिला तर तो रेझिन सिमेंटला पक्के होऊ देत नाही. एका ठिकाणचा मित्र दुसऱ्या ठिकाणी अडथळा ठरतो.

आता त्या मुलीकडे वळतो. वडिलांना मी म्हणालो, "पैसे लागणार नाहीत. चूक माझी आहे." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "चूक कबूल करणारा डॉक्टर पहिल्यांदा पाहिला." मला ती स्तुती वाटली नाही, लाज वाटली.

दुसऱ्या वेळी मी दुपारची वेळ मोकळी ठेवली. नळीतील जुने सिमेंट कंप पावणाऱ्या बारीक हत्याराने, दाताला धक्का न लावता काढले. तपासताना माझी दुसरी चूकही सापडली. टोपीने दाताच्या शाबूत भिंतीला कडे घालावे लागते, पिंपाला लोखंडी कडे असते तसे. या कड्याखाली दीड-दोन मिलिमीटर तरी भिंत हवी. येथे ती एकच मिलिमीटर होती आणि सारा भार खुंटीवर पडत होता. किरकोळ शस्त्रक्रियेने हिरडीची कड थोडी वर सरकवून मी ती भिंत मोकळी केली आणि जखम भरेपर्यंत तात्पुरता दात दिला. काही आठवड्यांनी नवी खुंटी मापाला लावून पाहिली, बाहेर काढून स्पिरिटने पुसली, पेरॉक्साइडमध्ये घड्याळ लावून दहा मिनिटे ठेवली, धुतली, सुकवली, सायलेन लावले, ते सुकू दिले. त्यानंतर तिला बोट लावले नाही. चिमट्यानेच धरून सिमेंटसह बसवली. या साऱ्याला फार तर पाऊण तास अधिक लागला. माझ्या पहिल्या घाईने त्या मुलीचे आठ महिने घेतले होते. आज ती एका शाळेत शिकवते आणि शिकवताना ओढणी खांद्यावर असते.

येथे एक सावधगिरी. प्रत्येक खुंटीला हे सर्व करावेच, असे माझे म्हणणे नाही. काही खुंट्या कारखान्यातूनच संस्कार करून येतात. त्यांच्यावर पुन्हा प्रयोग करणे चुकीचे. त्या त्या खुंटीसोबत आलेली सूचना वाचणे, हा पहिला संस्कार. आणि दाताची भिंतच उरली नसेल तर कितीही चांगली चिकटवणी दात वाचवू शकत नाही. तसे असेल तर दंतवैद्याने स्पष्ट सांगावे आणि रोग्यानेही ते ऐकावे.

पालकांना मला एवढेच सुचवायचे आहे, की खुंटी किंवा टोपी निघाली तर ती फेकू नका आणि घरच्या घरी बाजारातील चिकटवणीने बसवू नका. डबीत घालून घेऊन या. सिमेंट कोणत्या बाजूला राहिले ते तिच्यावर लिहिलेले असते, आणि त्यावरून चूक कळते. "पुन्हा का निघाला?" हे विचारायला संकोचू नका. तो आपला हक्क आहे. आणि मिश्री, तंबाखू, गुटखा यांच्यापासून घरातल्या बायकापुरुषांना दूर ठेवा; त्यांनी दात नासतोच, पण त्याआधी आयुष्य नासते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी एक नाव सांगतो. डॉ. रफिउद्दीन अहमद. त्यांचा जन्म १८९० सालचा. अमेरिकेतील आयोवा येथून त्यांनी १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि १९२० साली कलकत्त्यास भारतातील पहिले दंत महाविद्यालय काढले. त्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून त्यांनी सोडा-सरबताचे दुकान चालवले. १९२५ साली दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले. १९४९ साली आपले महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा २४ डिसेंबर हा जन्मदिवस आपल्या देशात दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो. सरबताच्या पैशातून महाविद्यालय उभे राहू शकते, हे आपल्यासारख्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थांनी मनात ठेवावे.

आपली शाळाही एका अर्थी हेच काम करते. मूल येथे येते तेव्हा त्याच्यात आणि विद्येत अंतर असते: भाषेचे, गरिबीचे, संकोचाचे. शिक्षक मळ काढतो, दुभाषी होतो. घाई केली तर विद्या वरवर बसते आणि पहिल्याच परीक्षेत निखळते. वेळ दिला तर ती धरते. कल्हईवाल्या चाचांनी जे सांगितले ते मी माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले नाही. पण खुंटी हातात घेतली की ते मला दर वेळी ऐकू येते.